रेघ राहिली का

रणधीर आला रविवारी, दिवेलागणीला,
शाळेची व्हॅन गल्लीच्या तोंडाला लावून.
पिशवीत लाल मखमल, मखमलीत नऊ नाणी,
सोबत लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र.
त्यात 'शुद्ध' हा शब्दच अशुद्ध.

तेरा हजार पाचशे, सगळी मिळून.
मोबाईलवर फोटो दाखवला: फुटकं गाडगं, ओली माती,
'पाया खणताना सापडलंय, निकड आहे, कुणाला बोलू नका.'
साऱ्या जगाला एकदम सांगितलेलं
कुणाला बोलू नका.

आबा खाटेवर.
विट्याहून सेलमला गेले तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं.
चाळीस वर्षं मुशीत बघून बघून
आता डोळ्यांना नुसता उजेड कळतो, वस्तू नाही.
बोटांचं टोक तेजाबानं कधीच नेलं.
तेव्हा नाणं त्यांनी घेतलंच नाही,
ईश्वरीला म्हणाले, "मुठीत धर. घाम येऊ दे."
बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागेना.
"आता हुंग."
"घंटेचा वास येतोय आबा. शाळेच्या."

मला कळलं तिथंच.
आई डोरलं काढून उशाशी ठेवायची,
मी ते नाकाशी धरायचे, कशाचाच वास नाही,
आईच्या मानेचाही नाही.

"काळी पडल्यात बघा, जुनी हाईत," रणधीर म्हणाला.
"सोनं कशाला काळं पडंल? ते काय म्हातारं होतंय व्हय."
"वासावर न्हाई ठरत. दगड काढा."

दगड बिस्किटाच्या डब्यात, लुगड्याच्या चिंधीत.
तेजाबाची बाटली मात्र कोरडी ठाक.
मी साळुंख्यांच्या गलाईत गेले, ते शटर ओढतच होते.
पोरगं म्हणालं, "काय तपासायचंय?"
मी म्हणाले, "अंगठी."
का म्हणाले कोण जाणे.
चार थेंब मागितले, त्यानं अर्धी शिशी दिली.

आबांचा हात कपबशीला थरथरतो,
दगडावर थरथरला नाही.
पिवळी रेघ ओढली गेली, सरळ, चांगली बोटभर.
इतकी देखणी, की क्षणभर मलाही वाटलं.
मग थेंब.
रेघ फसफसली, हिरवी झाली,
आणि काळा दगड तेवढा राहिला.

"राहिली का गं?"

रणधीर माझ्याकडे बघत होता.
व्हॅनच्या टायरचे पैसे होते ते.
सोळा पोरं, लेंगऱ्याकडचा रस्ता,
मागच्या चाकाची तार दिसायला लागलेली.
आबांना दिसत नव्हतं.
हो म्हणाले असते तर त्या खोलीत
रात्रभर तरी नऊ मोहरा राहिल्या असत्या.

"गेली," मी म्हणाले.

"अजून आठ हाईत," रणधीर म्हणाला.

एकावरून कळलं, असं कुणीच म्हटलं नाही.
आबांनी आठही घासली, एकेक, गिऱ्हाईक समोर बसल्यासारखी,
दर वेळी विचारलं, दर वेळी मी सांगितलं.
सहाव्याला ईश्वरी म्हणाली,
"सगळ्या राजांना एकाच जागी लागलंय, नाकाखाली."
खरंच. नऊ नाणी, नऊ ओरखडे,
एका साच्यातून पडलेली एकच जखम.

मी दगड पुसायला घेतला.
"कडेची पुसू नगंस," आबा म्हणाले.
कडेला एक रेघ होती, केसाएवढी,
इतक्या तेजाबानंतरही पिवळी.
कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही.
सेलमला जायच्या तिकिटाला काय मोडलं होतं
ते आईनंही कधी सांगितलं नव्हतं.

रणधीर उंबऱ्यात चप्पल शोधत होता.
"परत घेत्यात ती लोकं," तो म्हणाला, "सात दिवसांच्या आत."
मग बोटांवर मोजायला लागला:
रविवार, सोमवार.
आम्ही तिघं गप्प, तो मोजतोय,
आठव्या बोटाशी थांबला,
आणि पुन्हा पहिल्यापासून.